निम्मी क्षमता हरित झाली, तरी कोराडीचे संच का चालतात?

नागपुरात विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या, मूळच्या काटोल तालुक्यातील एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारले आहेत. देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली असे सरकार सांगते, मग नागपूरजवळच्या कोराडी आणि खापरखेड्याचे कोळशावरचे वीजसंच रात्रंदिवस का चालतात, हा पहिला प्रश्न. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारावेत का, हा दुसरा. आणि वडिलांच्या संत्र्याच्या बागेसाठी सौर कृषिपंप घ्यावा की गावाच्या शेतीफीडरला (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वेगळ्या वाहिनीला) सौर वीज मिळेपर्यंत थांबावे, हा तिसरा. माझी नोकरी आधी औष्णिक केंद्राच्या ऑपरेशन विभागात आणि नंतर भार प्रेषणाच्या, म्हणजे कोणत्या केंद्राने केव्हा किती वीज द्यायची हे ठरवण्याच्या, कामात झाली. त्या अनुभवातून तिन्ही प्रश्नांकडे मी एकाच बाजूने पाहतो: वीज किती मेगावॅटची आहे यापेक्षा ती दिवसाच्या कोणत्या तासाला मिळते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आधी सरकारी आकड्याविषयी. तो खरा आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. जून २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि सौर, पवन, जल, अणू व जैविक स्रोत मिळून त्यांपैकी सुमारे २४३ गिगावॅट भरत होते. हे उद्दिष्ट २०३० साठी ठरलेले होते, ते पाच वर्षे आधी गाठले गेले. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा केंद्रीय नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे धरला होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. सात वर्षांत एवढी घसरण विजेच्या व्यवसायात माझ्या पिढीने दुसऱ्या कशाचीच पाहिलेली नाही. तरीही ग्रिडमध्ये प्रत्यक्ष येणाऱ्या युनिटांचा हिशेब मांडला, तर आजही जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशाची असते. नागपुरात छतावरचा एक किलोवॅटचा सौर संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचे औष्णिक यंत्र देशाच्या सरासरी भारांकावर, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या थोडे खाली चालले, तरी दिवसाला सोळा-सतरा युनिट देते. क्षमतेतला निम्मा वाटा उत्पादनात पाव का होतो, याचे मुख्य कारण हेच आहे.

पण सरासरीनेही पूर्ण चित्र कळत नाही, त्यासाठी तास पाहावे लागतात. मे महिन्यातला नागपूरचा दिवस घ्या. सकाळी दहापासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंत राज्यात सौर वीज भरपूर असते. पारा ४५ अंशांवर गेला, कूलर आणि एसी एकदम चालू झाले, तरी त्या वेळेची मागणी आता पूर्वीसारखी धाकधूक न होता भागते. देशाने २५० गिगावॅटची विक्रमी मागणी ३० मे २०२४ रोजी पूर्ण केली, त्यातही दुपारच्या सौर विजेचा मोठा हात होता. अडचण सुरू होते ती सूर्य कलल्यावर. पाच ते सात या दोन तासांत राज्यातून काही हजार मेगावॅट सौर वीज निघून जाते आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांतले दिवे लागतात. विदर्भात तर दिवसभर तापलेल्या भिंती आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असल्यामुळे कूलर रात्री बारा वाजताही बंद होत नाही. ही उणीव कोणीतरी मिनिटामिनिटाला भरून काढायची असते, कारण ग्रिडमध्ये वीज साठवून ठेवता येत नाही आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या अगदी जवळ राखावी लागते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताची, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्येचीही ग्रिड कोसळली, ती काही राज्यांनी ठरल्याहून जास्त वीज ओढल्यामुळे आणि बीना-ग्वाल्हेर वाहिनी तो भार पेलू न शकल्यामुळे. समतोल किती थोड्या वेळात बिघडू शकतो, हे त्या दोन दिवसांनी सर्वांना दाखवून दिले.

ही संध्याकाळची उणीव महाराष्ट्रात आज कोण भरते? सगळ्यात चपळ स्रोत म्हणजे कोयना. तिची यंत्रे काही मिनिटांत पूर्ण भारावर येतात, क्षमता १,९६० मेगावॅटच्या आसपास आहे. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली असल्यामुळे प्रत्येक घनफूट पाणी जपून, नेमक्या वेळेला वापरावे लागते. आपल्याकडे तोतलाडोहला पेंचचे १६० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे, त्यात महाराष्ट्राचा वाटा एक तृतीयांश. तेच पाणी पुढे नवेगाव खैरीला येऊन नागपूरच्या नळांना जाते, त्यामुळे तेथेही हात सैल सोडता येत नाही. उरलेला सगळा भार औष्णिक संचांवर पडतो. म्हणून कोराडीचे तीन ६६० मेगावॅटचे संच, खापरखेड्याचे २१० चे चार आणि ५०० चा एक, चंद्रपूरचे २,९२० मेगावॅट, मौद्याचे २,३२० आणि तिरोड्याचे ३,३०० मेगावॅट चालू ठेवावे लागतात.

यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे: मग ते फक्त संध्याकाळी का चालवत नाहीत? येथे बॉयलरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. सुपरक्रिटिकल, म्हणजे कोराडीच्या ६६० सारख्या अतिउच्च दाबाच्या संचात वाफेचा दाब अडीचशे बारच्या आसपास आणि तापमान साडेपाचशे अंशांच्या पुढे असते. असा संच पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा ग्रिडला जोडायला अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि प्रत्येक सुरुवातीला महागडे तेल जाळावे लागते. म्हणून दुपारी तो बंद न करता खाली आणतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी ही खालची पातळी ५५ टक्के ठरवली आहे आणि टप्प्याटप्प्याने ती ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचे बंधन घातले आहे. ६६० च्या संचासाठी हे आकडे ३६३ आणि २६४ मेगावॅट होतात.

कागदावर हा फरक लहान दिसतो, कंट्रोल रूममध्ये तो तसा राहत नाही. जुलै महिन्यातली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. रेकमधून, म्हणजे मालगाडीतून, आलेला कोळसा भिजलेला असतो, त्यात काळी माती मिसळलेली असते. बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कोठीत, तो भिंतींना चिकटतो, कोळसा पुढे सरकवणारा खालचा फीडर रिकामा धावतो आणि बंकर चोक झाल्याचा फोन येतो. मग माणसे लोखंडी घण घेऊन बाहेरून ठोकायला जातात. कोळसा दळणाऱ्या मिलमध्ये गरम हवा पूर्ण सोडली तरी आउटलेटचे तापमान चढत नाही, भुकटी ओलसर राहते. त्याच वेळी भार प्रेषण केंद्राकडून संच खाली घेण्याची सूचना येते. एक मिल बंद केली की उरलेल्या मिल्सवर ज्वाला स्थिर ठेवावी लागते, ती डळमळली तर ऑइल गन (तेलाचे बर्नर) लावाव्या लागतात, आणि चाळीस टक्क्यांच्या जवळ गेल्यावर बॉयलर वेट मोडमध्ये (सगळ्या पाण्याची वाफ न होता काही पाणी वेगळे काढावे लागते त्या अवस्थेत) जाण्याची सीमा समोर दिसू लागते. दोन-तीन तासांनी तोच संच पुन्हा वर न्यायचा असतो. रोज असे खालीवर झाले की जाड धातूचे भाग ताणले जातात आणि ट्यूब लीकेज (बॉयलरच्या नळ्यांची गळती) वाढते. सौर विजेचा दर मोजताना हा खर्च कोणाच्याच बिलात वेगळा दिसत नाही, पण तो होतो, आणि तो सोसणारे ऑपरेटर व मेंटेनन्सचे लोक या संक्रमणाचे तितकेच वाटेकरी आहेत, असे मला मनापासून वाटते. औष्णिक केंद्र म्हणजे सौर ऊर्जेचा शत्रू, अशी मांडणी मी ऐकतो तेव्हा हे सांगावेसे वाटते की आज दुपारची सौर वीज ग्रिडमध्ये सामावते आहे, ती बऱ्याच अंशी या संचांनी खाली येऊन जागा करून दिल्यामुळे.

याचा अर्थ कोळसा निर्धोक आहे असा मुळीच नाही, आणि हे नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही. ६६० चा एक संच पूर्ण भारावर चालला तर दिवसाला नऊ-दहा हजार टन कोळसा खातो, म्हणजे मालगाडीचे दोन ते तीन रेक. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असल्यामुळे त्यातून तीन हजार टनांहून अधिक राख रोज बाहेर पडते. वीज मात्र येथे थांबत नाही. चंद्रपूर-पडघे ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली, ती १,५०० मेगावॅट वीज थेट मुंबईच्या दारात नेऊन सोडते. पुढे तिरोड्याहून कोराडी, अकोला मार्गे पश्चिमेला जाणाऱ्या ७६५ केव्ही वाहिन्याही आल्या. राख, धूळ आणि खाणींचे खड्डे येथे राहिले आणि वीज सगळ्या राज्याने वापरली. ही तक्रार भावनेची नसून हिशेबाची आहे, आणि संक्रमणाच्या प्रत्येक योजनेत तो हिशेब मांडला गेला पाहिजे. एका बाबतीत मात्र नागपूरने देशाला चांगला धडा घालून दिला: भांडेवाडीला प्रक्रिया केलेले शहराचे सांडपाणी, दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून, कोराडीला वापरायला दिले गेले आणि तेवढे पेंचचे पाणी वाचले.

आता माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपायाकडे येतो, आणि तो छतावरचा नसून शेतातला आहे. महाराष्ट्रात ४५ लाखांच्या घरात कृषिपंप आहेत. त्यांचा भार ग्रिडच्या सोयीने दिवस-रात्र पाळीत वाटला जात होता. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्री दोन वाजता बागेत पाणी द्यायला जाणे म्हणजे काय, हे काटोल-नरखेडच्या माणसाला ठाऊक आहे: साप, रानडुक्कर, काही भागांत बिबट, आणि पोहोचल्यावर डीपी उडालेली. पंप हा असा भार आहे की ज्याला ठरावीक मिनिटाला वीज हवी असे नसते, दिवसातले काही सलग तास मिळाले की पुरतात. म्हणजे दुपारच्या सौर विजेला याहून योग्य ग्राहक नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हीच जुळणी केली आहे: उपकेंद्राच्या जवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प, त्याची वीज ३३/११ केव्ही उपकेंद्रातून थेट शेतीफीडरला, आणि जागा देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचे आहे. यातील पहिल्या पाच प्रकल्पांचे, एकूण १९ मेगावॅटचे, लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या कार्यक्रमात झाले.

या योजनेचे मोल केवळ स्वस्त विजेत नाही. रात्रीचा शेतीभार दुपारी सरकला की रात्री तेवढा कोळसा जाळावा लागत नाही. वीज गावाजवळच तयार होऊन गावातच वापरली गेल्याने लांब वाहिन्यांतील हानी वाचते. आणि उद्योगांच्या दरातून शेतीला दिली जाणारी क्रॉस सबसिडी कमी करण्याची वाट मोकळी होते. बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखानदार ज्या वीजदराबद्दल वर्षानुवर्षे बोलत आले आहेत, त्याचे एक मूळ येथे आहे. एक धोका मात्र उघडपणे बोलला पाहिजे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत, शिवाय ती रोज दिवसा खात्रीने मिळणारी, असे झाले की बोअरवर कोणताच लगाम राहत नाही. वरूड आणि मोर्शी तालुके भूजलाच्या अतिउपशामुळे आधीच बदनाम आहेत. सौर फीडरबरोबर ठिबक आणि पुनर्भरणाची सक्ती नसेल, तर आपण विजेचा प्रश्न सोडवून पाण्याचा प्रश्न खोल करू.

छतावरच्या सौर संचांबद्दल थोडक्यात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे, हे चांगलेच आहे. दोन गोष्टी मात्र विक्रेते क्वचितच सांगतात. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानावर मोजलेली असते. मे महिन्यात पॅनलचे स्वतःचे तापमान पासष्ट-सत्तर अंशांवर जाते आणि उत्पादन पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते, त्यामुळे आपल्याकडे भर उन्हाळ्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चचे ऊन पॅनलला अधिक मानवते. दुसरे म्हणजे लाइट गेली की हा संचही थांबतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या सुरक्षेसाठी ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. बॅटरी नसेल तर छतभर पॅनल असूनही घर अंधारातच राहील.

खरी कसोटी साठवणुकीची आहे. दुपारची वीज रात्री आठला नेण्याचे आज दोन मार्ग आहेत. पहिला पंप्ड स्टोरेजचा: दुपारी पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प असाच चालतो आणि सह्याद्रीच्या कड्यांमुळे महाराष्ट्राला अशा जागांची देणगी आहे. विदर्भात तेवढी उंची मेळघाटातच मिळते, आणि तेथे वाघांचे जंगल फोडून साठवणूक करावी असे मी कधीही म्हणणार नाही. दुसरा मार्ग बॅटरीचा. तिचे दर निविदांमध्ये झपाट्याने उतरत आहेत आणि दोन ते चार तासांच्या साठवणुकीसाठी ती आता गंभीरपणे स्पर्धेत आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-दहा दिवस आभाळ भरलेले असते, तेव्हा चार तासांची बॅटरी भरायलाच ऊन नसते. त्या दिवसांत सातारा, सांगली, धुळ्याचे पवन प्रकल्प चांगले चालतात, कारण आपल्याकडे वारा पावसाळ्यातच जोर धरतो. विदर्भाला वारा नाही, म्हणून येथील संक्रमण राज्याच्या पश्चिमेच्या वाऱ्याशी आणि कोयनेशी जोडलेलेच राहणार. एकट्या जिल्ह्याला शंभर टक्के हरित करण्याची भाषा ग्रिडच्या शास्त्रात बसत नाही.

आता दुसरा प्रश्न. कोराडीतील दोन नव्या संचांची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली आणि तेव्हापासून नागपुरात त्यावर वाद सुरू आहे. माझे मत असे: जुने २१० मेगावॅटचे संच प्रति युनिट अधिक कोळसा जाळतात, म्हणून नवे संच आलेच तर त्यांच्या बदल्यात कोणते जुने संच कोणत्या तारखेला बंद होणार, हे मंजुरीच्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे. जुने आणि नवे दोन्ही चालू राहणार असतील, तर नागपूरच्या लोकांनी ते मान्य करू नये. शिवाय पंचवीस वर्षांहून अधिक आयुष्य असलेल्या संचाची तुलना आजच्या बॅटरीच्या दराशी न करता, तो संच सुरू होईल त्या वर्षीच्या अपेक्षित दराशी केली पाहिजे. आणि तशी ती केली तर हे दोन संच नागपूरच्या उंबरठ्यावर उभारण्याचे समर्थन मला अवघड वाटते. गंधकवायू रोखणाऱ्या यंत्रणेबाबत तर तडजोड नकोच. ते निकष डिसेंबर २०१५ चे आहेत, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूट मिळाली. परंतु दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना ती सूट नाही, आणि कोराडीने याच कठोर गटातले निकष पाळावेत. त्याचबरोबर या केंद्रांतील कंत्राटी कामगार, कोळसा वाहतुकीचे चालक, राखेच्या विटा पाडणारे आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणींवर जगणारी गावे यांच्यासाठी प्रशिक्षण आणि पर्यायी कामाची तरतूद संच बंद होण्याच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

शेवटी तुमच्या वडिलांच्या बागेविषयी. त्यांच्याकडे आधीच महावितरणची जोडणी असेल, तर सौर पंपाच्या मागे न लागता फीडर सौर होण्याची वाट पाहणे योग्य. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना मुळात जोडणी नसलेल्यांसाठी आहे. डिमांड (जोडणीचे शुल्क) भरून जोडणी अडकलेली असेल, तर मात्र थांबू नका. दहा टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना पाच टक्के, एवढ्यात पंप मिळतो. तुमचा आंबिया बहार असेल तर पाण्याची मोठी गरज मार्च ते मे या काळात असते आणि पंपाला सर्वाधिक तासांचे ऊनही तेव्हाच मिळते, त्यामुळे हिशेब जुळतो. सकाळी लवकर आणि चारनंतर पंपाचा दाब पडतो, म्हणून ठिबक थेट पंपावर न जोडता शेततळे किंवा टाकी भरून त्यातून पाणी द्या. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्ती अशी वाटणी जमिनीवरून ठरते, पण पंप चालेल की नाही हे ठरते ते बोअरच्या खोलीवरून. पाहणीला माणूस येईल तेव्हा पावसाळ्यानंतरची पातळी न दाखवता मे महिन्यात मोजलेली पातळी त्याच्याकडून लेखी नोंदवून घ्या. हेड (पाणी उचलण्याची उंची) कमी धरून पंप बसवला गेला तर तो डिसेंबरमध्ये उत्तम चालेल आणि एप्रिलमध्ये फळ गळू लागेल तेव्हा पाणी उचलणार नाही.